‘जंतू’, ‘जीवाणू’ आणि खुडूक कोंबडी : कुक्कुटरोगविषयक मराठी प्रसारलेखनाची चिकित्सा

कोंबड्यांच्या आतड्यांचे रोग आणि त्यांवर सुचविला जाणारा ‘प्रोबायोटिक’ हा उपाय यांविषयी मराठीत अलीकडच्या काळात पुष्कळ लिहिले गेले आहे. हे लेखन ग्रंथरूप नाही. पशुसंवर्धनविषयक घडीपत्रिका, शेतीच्या नियतकालिकांतील सदरे, प्रशिक्षणवर्गांची टिपणे आणि औषधांच्या वेष्टनांवरील मजकूर अशा विखुरलेल्या रूपात ते वाचकापुढे येते. वाङ्मयसमीक्षेने त्याची दखल घेतली नाही हे समजण्यासारखे आहे. परंतु भाषाभ्यासानेही त्याच्याकडे पाठ फिरवावी याचे सयुक्तिक कारण दिसत नाही. ज्या गद्यावर विसंबून एखाद्या घरची चाळीस-पन्नास पाखरे जगावयाची किंवा मरावयाची, ते गद्य ललित नसले तरी जबाबदारीचे निश्चितच होय.

या गद्याची कसोटी जितकी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत लागते, तितकी महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच लागत असेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. भाषेच्या दृष्टीने मात्र हा प्रदेश त्याआधीही एकजिनसी नव्हता आणि आजही नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात झाडीबोली, धानोऱ्यापासून एटापल्लीपर्यंत गोंडी, भामरागडात माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी, जिवती-राजुऱ्याच्या डोंगरांत कोलामी, आणि मूलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे बंगाली. यांपैकी बहुतेक घरांत परसातल्या कोंबड्या आहेत व त्यांची देखभाल प्रायः बायकांकडे आहे. कोंबडी ही येथे अडीनडीची रोकड आहे, पाहुण्याचा मान आहे आणि पेनाला द्यावयाचा नैवेद्यही आहे. अशा वाचकवर्गासाठी लिहिणाऱ्याने कोणती मराठी वापरावी, हा प्रश्न शैलीपुरता मर्यादित राहत नाही.

भाषेचे परीक्षण करण्यापूर्वी ती ज्या वस्तूविषयी बोलते ती वस्तू नीट पाहणे अवश्य आहे.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द प्रथम लिली आणि स्टिलवेल यांनी १९६५ मध्ये वापरला तेव्हा त्याचा अर्थ निराळा होता. एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या आणि दुसऱ्याच्या वाढीस चालना देणाऱ्या द्रव्यास त्यांनी हे नाव दिले होते. १९७४ मध्ये पार्कर यांनी तो पशुखाद्याकडे वळविला, १९८९ मध्ये फुलर यांनी त्यात ‘जिवंत’ हे विशेषण अनिवार्य केले, आणि २००१ मध्ये जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञमंडळाने आजची व्याख्या स्थिर केली. तीनुसार जे सूक्ष्मजीव जिवंत असतात आणि पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्यास लाभ करतात, ते प्रोबायोटिक होत. व्याख्येचे तीन पाय आहेत : जिवंतपणा, पुरेसे प्रमाण, सिद्ध झालेला लाभ. मराठी प्रसारलेखनात यांतला तिसरा पाय सर्वांत जाड आणि पहिले दोन बहुधा गळालेले असतात, ही गोष्ट पुढे तपासावयाची आहे.

कोंबडीच्या बाबतीत या कल्पनेचा पाया १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांटाला यांनी घातला. त्या देशात काही काळ आधी मांसल कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जीवाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्यांनी अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य पाजले आणि नंतर त्यांना साल्मोनेलाचा संसर्ग दिला; ज्यांना ते द्रव्य मिळाले नव्हते त्यांच्या मानाने ही पिले संसर्गाला कितीतरी कमी बळी पडली. निष्कर्ष साधा होता. यंत्रात उबवलेल्या पिलाचे आतडे रिकामे असते. तेथे जो प्रथम पोहोचतो तो जागा धरतो, अन्न खातो, आम्ल निर्माण करतो आणि मागाहून येणाऱ्यास थारा मिळू देत नाही. शास्त्रात याला स्पर्धात्मक अपवर्जन म्हणतात. रिकाम्या आतड्याचे पिलू किती असहाय असते हे मिल्नर आणि शॅफर यांनी १९५२ मध्येच दाखविले होते. एक दिवसाच्या पिलाला साल्मोनेलाचे अगदी थोडे जीवाणूही बाधतात, आणि काही दिवसांतच ती हळवी अवस्था ओसरू लागते.

आता या निष्कर्षाकडे गडचिरोलीच्या परसातून पाहिले तर त्याला वेगळेच रूप येते. तेथे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, पिले तिच्या पंखाखाली निघतात, तिच्याबरोबर उकिरडा उकरतात आणि तिच्या विष्ठेतून व चोचीने टिपलेल्या मातीतून पहिल्याच दिवसापासून प्रौढ आतड्याची वसाहत त्यांच्यात उतरते. फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जे केले ते खुडूक कोंबडी मुकाट्याने करीत आली आहे. तेव्हा ज्या पिलाला आई आहे आणि ज्या पिलाला उबवणी केंद्राचे यंत्र हीच आई आहे, त्या दोहोंची गरज एक नाही. शासकीय योजनांतून किंवा व्यापाऱ्याकडून या जिल्ह्यांत जी गिरिराज, वनराज इत्यादी जातींची पिले येतात, ती उबवणी केंद्रातली असतात. प्रोबायोटिकाचा खरा विषय ती होत. प्रसारलेखन मात्र ‘पिलांना’ या एका सामान्य नामात दोघांनाही गुंडाळते. मराठीत ‘खुडूक’ यासारखा नेमका, जुना आणि सर्वांना कळणारा शब्द आहे. तो या लेखनात येतो तो खुडूकपणा कसा मोडावा हे सांगण्यापुरता. पिलाच्या आरोग्याशी त्या अवस्थेचा जो संबंध आहे तो सांगण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही, हे या गद्यातील एक मोठे न्यून म्हणावे लागेल.

आता मूळ शब्दाकडे. प्रोबायोटिक म्हणजे काय, याचे उत्तर मराठी पत्रिका साधारणतः ‘उपयुक्त जंतू’, ‘मित्र जंतू’ किंवा ‘चांगले जीवाणू’ अशा शब्दप्रयोगांनी देतात. ‘जंतु’ हा संस्कृत शब्द ‘जन्’ धातूपासून आलेला. जन्मास आलेला तो जंतू. गीतेच्या पाचव्या अध्यायात तो मोहात पडणाऱ्या माणसांनाच लावलेला आहे. मराठीत त्याची उतरण झाली. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, सामान्य प्राणी या अर्थाच्या जोडीला लोकव्यवहारातील किडा-कृमी हा अर्थ नोंदलेला आढळतो. पुढे रोगांचे सूक्ष्म कारण सापडल्यावर हाच शब्द त्या कारणासाठी पुढे आला, आणि पटकी, प्लेग, क्षय यांच्या सहवासात त्याचा अर्थ पूर्णपणे वैरी झाला. विश्वकोशाने बॅक्टेरियासाठी ‘सूक्ष्मजंतू’ हा शब्द तटस्थ अर्थाने योजला होता. पण बोलण्यात तटस्थता टिकली नाही. आज ‘जंतू’ म्हटले की मागे ‘नाशक’ हे पद आपोआप ऐकू येते.

आणि येथे एक अडचण निर्माण होते जी कोशात दिसत नाही, कोंबड्यांच्या खुराड्यात दिसते. ‘जंतु’ या तत्सम शब्दाचा ‘जंत’ हा तद्भव भाऊ मराठीत स्वतंत्रपणे नांदतो, आणि त्याचा अर्थ पोटातील कृमी. त्यामुळे ‘जंतनाशक’ आणि ‘जंतुनाशक’ हे दोन शब्द केवळ एका ऱ्हस्व उकाराने वेगळे आहेत. पहिले औषध पाखराच्या पोटात द्यावयाचे असते. दुसरे खुराड्याच्या जमिनीवर, भांड्यांवर शिंपडावयाचे असते. वेगाने वाचणाऱ्याच्या किंवा नुसते ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा उकार फार क्षीण आहे. या दोन शब्दांच्या शेजारी ‘मित्र जंतू’ पाण्यातून पाजण्याची सूचना आली म्हणजे वाचणाऱ्याने काय समजावे? एकाच पानावर जंत मारावयाचे, जंतू मारावयाचे आणि जंतू पाजावयाचेही! परिभाषेची शिस्त नसली तर वाक्ये एकेकटी खरी असूनही त्यांची बेरीज खोटी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

‘मित्र’ या विशेषणातही दोष आहे. मित्र-शत्रूची भाषा आली की युद्धाची भाषा येते. जीवाणू ‘लढतात’, ‘हल्ला परतवितात’, ‘फौज’ होतात. परंतु आतड्यात जे घडते ते मुख्यतः जागेचे व अन्नाचे वाटप आहे. शिवाय मैत्री हा कोणत्याही जीवाणूचा कायमचा स्वभाव नव्हे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जीवाणू निरोगी कोंबडीच्या आतड्यातही राहतो. आतड्याचे अस्तर अन्य कारणाने, बहुधा कॉक्सिडियाने, फाटले म्हणजे तोच वाढून आतड्याचा दाह उत्पन्न करतो आणि पाखरे पटापट मरतात. ई. कोलाय हा तर आतड्याचा नित्याचा रहिवासी. त्याचे काही वाण तेवढे घातक. त्याला मित्र म्हणावे की शत्रू? असा प्रश्न पडू न देणारी भाषा वाचकाला धीर देते, पण समज देत नाही.

याहून गंभीर गोंधळ रोगांच्या नावांत आहे. मराठीत कोंबड्यांच्या रोगांना जी लोकप्रिय नावे आहेत ती लक्षणांवरून, विशेषतः विष्ठेच्या रंगावरून पडलेली आहेत : रक्ती हगवण, पांढरी हगवण, हिरवट हगवण. नाव म्हणून ती उत्तम आहेत. परसात उभ्या असलेल्या बाईला सूक्ष्मदर्शक लागत नाही; सकाळी खुराडे झाडताना रंग दिसतो. परंतु या तीन रंगांमागे तीन सर्वस्वी भिन्न जातींची कारणे आहेत. रक्ती हगवण आयमेरिया या आदिजीवांमुळे होते, म्हणजे ते जीवाणूही नव्हेत. तिच्यावर गादी कोरडी ठेवणे व त्या आदिजीवांवरील औषधे हाच मुख्य उपाय. पिलांची पांढरी हगवण साल्मोनेला पुलोरम या जीवाणूची. तो अंड्यातूनच पुढच्या पिढीत उतरतो. हिरवट हगवण राणीखेतीत आढळते, आणि राणीखेत हा विषाणूचा रोग. मान वाकडी होण्यावरून त्याला मराठीत मानमोडी म्हणतात. (१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीलाही मराठी माणसाने हेच नाव दिले होते. कोंबडीचा रोग आणि माणसाचा रोग एका शब्दात बसविण्याची ही रीत पुढे बर्ड फ्लूच्या काळात किती अनर्थकारक ठरू शकते हे वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.)

प्रोबायोटिकाचे या तिन्ही रोगांशी असलेले नाते सारखे नाही. साल्मोनेलाच्या बाबतीत, आणि पिलाच्या पहिल्या दिवसांत, त्याला भक्कम प्रायोगिक आधार आहे. क्लॉस्ट्रिडियमच्या आतडेदाहातही पुष्कळ प्रयोग अनुकूल आहेत. कॉक्सिडियाबाबत काही प्रयोगांत हानी कमी झालेली दिसते, पण औषधाची जागा घेईल इतकी नाही. राणीखेतीपासून मात्र संरक्षण लसीचेच. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकात लासोटा लसीचा थेंब टाकण्याला पर्याय नाही. आता ‘जंतूंमुळे होणाऱ्या हगवणीपासून संरक्षण’ एवढेच वेष्टनावर म्हटले, तर मराठी वाचक त्यात तिन्ही रंग वाचतो, कारण त्याच्या भाषेत आदिजीव, जीवाणू आणि विषाणू हे तिन्ही जंतूच आहेत. वाक्य लिहिणाऱ्याने खोटे लिहिलेले नसते. तरीही ज्या घरी पुडी आणली म्हणून लस राहून गेली, त्या घरी मानमोडी आल्यावर खुराडे रिकामे होते. शब्दाच्या ढिलेपणाची किंमत कोण देतो हे यावरून कळावे.

‘जीवाणू’ आणि ‘विषाणू’ हे शब्दयुग्म या दृष्टीने अधिक चांगले आहे, यात शंका नाही. पण तेही या प्रदेशात निर्धोक नाही. दोन्ही शब्दांचा शेवट एक, वजन एक, यमक एक. भेद पहिल्या दोन अक्षरांत. पूर्वेकडील बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो व ‘ष’चा ‘स’, तेव्हा ते ‘जीवानू’ आणि ‘विसानू’ असे ऐकू येतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा जो अभ्यास केला आहे त्याची ज्यांना ओळख आहे, त्यांना हे नवीन नाही. यमकबद्ध जोड्या पाठ करावयास सोप्या आणि वेगळ्या ठेवावयास कठीण असतात, हे परिभाषा घडविणाऱ्यांनी क्वचितच विचारात घेतलेले दिसते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शास्त्रीय परिभाषेचे मोठे काम केले. ते काम इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द मांडण्याचे होते, आणि मराठी शब्दाशेजारी दुसरा मराठी शब्द उभा केला तर कानाला काय ऐकू येते, हा प्रश्न त्या मांडणीत बसत नव्हता.

‘प्रतिजैविक’ हा ‘अँटिबायोटिक’चा पर्याय आता रूढ झाला आहे. त्याच्या धर्तीवर ‘प्रोबायोटिक’ला ‘प्रजैविक’ म्हणावे असे कोणास सुचेल. ही सूचना स्वीकारण्याजोगी नाही. मुळातील ‘प्रो’ हा ‘च्या बाजूने’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग असून तो ग्रीक ‘बायोस’ला जोडलेला आहे, मराठीतील ‘प्र’ प्रकर्ष दाखवितो, पक्ष दाखवीत नाही. शिवाय ‘प्रतिजैविक’ आणि ‘प्रजैविक’ यांत पुन्हा एका अक्षराचेच अंतर उरते, आणि ही दोन द्रव्ये तर एकमेकांची मारक आहेत : प्रतिजैविक दिलेल्या पाण्यातच प्रोबायोटिक घातले तर पहिले दुसऱ्यास मारून टाकण्याचा संभव मोठा. ‘जैविक’ हा शब्दही आता शेतीत ‘रासायनिक नव्हे ते’ अशा सैल अर्थाने वाहून गेला आहे.

या दोन द्रव्यांच्या वैराला एक इतिहास आहे आणि तो सांगितल्यावाचून प्रोबायोटिक या जिल्ह्यांत का पोहोचले हे कळत नाही. १९४६ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन खाद्यातून दिल्यास पिलांची वाढ अधिक होते असे दिसून आले आणि पुढे जगभर निरोगी कोंबड्यांनाही थोडे थोडे प्रतिजैविक चारण्याचा प्रघात पडला. त्यातून औषधाला न जुमानणारे जीवाणू वाढले. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी केली; १ जानेवारी २००६ पासून ती सर्व युरोपीय संघात लागू झाली. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नोपयोगी प्राण्यांत कॉलिस्टिन या शेवटच्या आधारापैकी एक असलेल्या औषधाच्या वापरास मनाई केली. प्रतिजैविक काढून घेतल्यावर जी पोकळी राहिली ती भरण्यासाठी प्रोबायोटिकाचा व्यापार वाढला. प्रसारलेखनात हा इतिहास अभावानेच येतो, आणि त्यामुळे वाचकाला प्रोबायोटिक हे प्रतिजैविकाऐवजी आलेले आहे की त्याच्या जोडीला, हेच समजत नाही.

आता क्रियापदांचा विचार. या गद्याचे क्रियापद जवळजवळ नेहमी विध्यर्थी असते : द्यावे, ठेवावे, टोचावी, मिसळावे. मराठी व्याकरणकारांनी विध्यर्थाला कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे अनेक अर्थ दिले आहेत. बोलण्यात संदर्भ आणि स्वर यांवरून ते वेगळे होतात. छापील सूचनेत ते एकच होतात. ‘लस टोचावी’ यातील ‘आवी’ म्हणजे टोचलीच पाहिजे. ‘प्रोबायोटिक द्यावे’ यातील ‘आवे’ म्हणजे दिल्यास लाभ होण्याचा संभव आहे. ज्ञानाच्या दोन प्रती एका प्रत्ययात सपाट होतात. ज्या कुटुंबाजवळ महिन्याला एकच काहीतरी विकत घेण्याइतके पैसे आहेत, त्याला नेमका हाच भेद हवा असतो.

विध्यर्थाचा दुसरा परिणाम असा की कारण सांगण्याची जबाबदारीच उरत नाही. ‘क्लोरिनयुक्त पाण्यात मिसळू नये’ ही सूचना काही वेष्टनांवर असते, आणि ती योग्यही आहे. पण ‘कारण पुडीतील जीवाणू जिवंत आहेत व क्लोरिनने ते मरतात’ हे अर्धे वाक्य नसते. व्याख्येतील ‘जिवंत’ हा शब्द मराठीत येता येता गळाला आहे, आणि तो गळाल्यामुळे बाकीच्या सर्व सूचना तर्कहीन विधिनिषेधांसारख्या दिसतात. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही सूचना घ्या. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लॅक्टोबॅसिलससारखे जीवाणू उष्णतेने लवकर मरतात. बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू मात्र पुष्कळ तग धरतात. पत्र्याच्या दुकानात उन्हाळा काढलेल्या दोन पुड्यांपैकी एक निर्जीव भुकटी असू शकते आणि दुसरी अजून कामाची. वेष्टनावरची मराठी दोहोंना ‘प्रोबायोटिक’ म्हणते.

यावरून जातीचा व वाणाचा प्रश्न निघतो. मराठी शास्त्रलेखनाची जुनी रीत अशी की वंशगटाला ‘प्रजाती’ म्हणावे व तिच्या पोटभेदाला ‘जाती’. हिंदीत ‘प्रजाति’ याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे आपली ‘जाती’. वृत्तपत्रांच्या मराठीत हिंदीचा अर्थ शिरला आहे आणि आता एकाच पत्रिकेत हे दोन्ही अर्थ आढळावेत अशी स्थिती आहे. परंतु प्रोबायोटिकात महत्त्व असते ते याहूनही खालच्या पायरीला, वाणाला. एकाच जातीचा एक वाण आतड्यात टिकतो आणि दुसरा टिकत नाही. एका वाणावरील प्रयोग दुसऱ्याच्या नावावर खपविता येत नाही. ही गोष्ट समजावून सांगणे या प्रदेशात अवघड नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतील काही वेगळ्या लोंब्या निवडून एच.एम.टी. हा धानाचा वाण घडविला. त्यांचे २०१८ मध्ये निधन झाले, पण तो वाण दूरदूरपर्यंत पोहोचला आहे. वाणाचे नाव न सांगता नुसते ‘धान’ म्हणून बियाणे विकणाऱ्यापाशी येथील शेतकरी उभा राहणार नाही. नुसत्या ‘उपयुक्त जीवाणू’ या नावावर मात्र त्याने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा केली जाते.

धानाच्या शेतीतून आणखीही मदत मिळू शकते. बीजप्रक्रियेसाठी वापरावयाची ‘जीवाणू संवर्धके’ कृषी प्रसाराने मराठी शेतकऱ्याच्या ओळखीची केली आहेत. गुळाच्या पाण्यात ती कालवून बियांना चोळावयाची असतात, उन्हात ठेवावयाची नसतात आणि बुरशीनाशकाबरोबर मिसळावयाची नसतात, हे पुष्कळांना माहीत आहे. म्हणजे हितकर जीवाणू, त्याचा जिवंतपणा आणि त्याचे नाजूकपण ही कल्पना मराठीत आलेलीच आहे, केवळ ती शेतातून खुराड्यात आणलेली नाही. कृषी आणि पशुसंवर्धन या दोन प्रसारशाखांनी एकमेकींची मराठी वाचली असती तर ‘मित्र जंतू’ची गरज भासली नसती. स्पर्धात्मक अपवर्जन ही कल्पनाही रोवणीच्या उपमेने सहज उलगडते : बांधीत पऱ्हे वेळेवर आणि दाट रोवले तर तणाला जागा राहत नाही, आणि तण माजल्यानंतर रोवून उपयोग नाही. पिलाच्या बाबतीत ‘वेळेवर’ म्हणजे पहिले काही दिवस. ही उपमा युद्धाच्या उपमेपेक्षा सत्याच्या जवळ आहे आणि या मातीतली आहे.

मराठी घरात सर्वांत स्वाभाविक शब्द सुचतो तो ‘विरजण’. मेचनिकॉफने विसाव्या शतकाच्या आरंभी बल्गेरियातील दह्याकडे बोट दाखवून या सर्व विचारास सुरुवात केली, तेव्हा विरजण हे या कल्पनेचे नुसते रूपक नाही, मूळही आहे. ‘पिलाच्या पोटाचे विरजण’ असे म्हटले की जिवंतपणा, पुरेसे प्रमाण, फार गरम वा फार गार नको, जुने झाले की लागत नाही, हे सर्व न सांगता सांगितले जाते. ब्रह्मपुरीच्या किंवा मूलच्या वाचकासाठी हा शब्द जरूर वापरावा. पण भामरागडकडे जाता जाता त्याचा आधार सुटतो. पारंपरिक माडिया जीवनात गुरांचे दूध काढण्याची रीत नव्हती, दूध वासराचे. जेथे दही लावलेच जात नाही तेथे विरजण हा शब्द परक्या परिभाषेपेक्षा फारसा जवळचा नाही. तेथे आंबण्याचा अनुभव आहे तो मोहफुलांचा, आणि ती क्रिया प्रामुख्याने यीस्टची, शिवाय तिचे सामाजिक संदर्भ निराळे. गोंडीत कोंबडीला ‘कोर’ म्हणतात, सिरोंच्याच्या तेलुगूत ‘कोडि’; हे दोन्ही शब्द एकाच द्राविडी मुळाचे, आणि मराठी ‘कोंबडी’ त्या मुळापासून दूर उभी आहे. पाखराच्या नावापासूनच ज्यांची भाषा वेगळी पडते त्यांच्यासाठी मराठी पत्रिकेचे शब्दशः गोंडी भाषांतर पुरणार नाही, कारण भाषांतराने मराठीतील ‘जंतू’चा गोंधळही सोबत जाईल.

शिवाय विरजणाच्या उपमेलाही मर्यादा आहे आणि ती लपवू नये. विरजण दुधाला एकदा लागले की लागले. सर्व दुधाचे दही होते आणि त्याच दह्याने उद्याचे दूध लागते. प्रोबायोटिकातील पुष्कळ जीवाणू आतड्यात कायमचे वसत नाहीत. देणे थांबले की काही दिवसांत ते विष्ठेवाटे निघून जातात, म्हणून ते पुनःपुन्हा द्यावे लागतात. खुडूक कोंबडीकडून पिलाला जे मिळते ते याच्या उलट असते. ती संपूर्ण वसाहत असते, टिकणारी असते आणि तिच्यातील सर्व रहिवाशांची नावे अद्याप शास्त्रालाही लावता आलेली नाहीत. नुर्मींच्या प्रयोगातील द्रव्य या दुसऱ्या प्रकारचे होते, दुकानातील पुडी पहिल्या प्रकारची असते. मराठीत आज या दोहोंना एकच नाव आहे. पहिल्याला ‘विरजण’ म्हणता येत नाही आणि दुसऱ्याला ‘पुडी’ म्हणता येत नाही. मूल-सिंदेवाहीच्या बायका पिले कोंबडीखाली सोडताना या क्रियेला काय म्हणतात, याची नोंद झाडीबोलीच्या पुढील शब्दसंग्रहात व्हावयास हवी.